स्क्रिप्टला एजंट हवाय? आधी विचारा, अडत कोण देतंय



मागच्या व्हिडिओत आपण डिस्ट्रिब्युटर कसा नेमायचा यावर बोललो. आजचा विषय तोच आहे, फक्त माल वेगळा आहे. सिनेमाची, सिरियलची, वेब सिरीजची लिहिलेली गोष्ट, हा आजचा माल. तुमच्यापैकी काही जण म्हणतील, दादा आज भलतीकडेच निघाले. पण तुम्ही लोणचं विका, डिझाइन विका नाहीतर स्क्रिप्ट विका, मधल्या माणसाशी कागद करताना फसायच्या जागा त्याच असतात. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

माझं दुकान सदाशिव पेठेत आहे. झेरॉक्स, स्टेशनरी, स्पायरल बाइंडिंग. पुरुषोत्तम करंडकाचे दिवस जवळ आले की कॉलेजची पोरं एकांकिकेच्या कॉप्या काढायला रात्री साडेनऊपर्यंत दारात उभी असतात. त्यातलाच एक मुलगा. त्याचं नाव इथे देत नाही. कॉलेज संपलं, करंडक संपला, पण लिहिणं सुटलं नाही. दिवसा डेटा एन्ट्रीची नोकरी करतो आणि रात्री लिहितो. दीड वर्षात त्याने एका सिनेमाची पूर्ण पटकथा लिहिली. एकशे बारा पानांची. तिचे सगळे ड्राफ्ट माझ्याच मशीनवर निघालेत.

दोन महिन्यांपूर्वी तो पेन ड्राइव्ह घेऊन आला. म्हणाला, "दादा, ॲग्रीमेंट आहे, दोन कॉपी काढा. मुंबईची टॅलेंट मॅनेजमेंट कंपनी मला घेतेय." चेहरा असा फुललेला की लग्न ठरलंय वाटावं. नऊ पानं होती. प्रिंट निघताना कागद वाचायची मला वाईट खोड आहे. तिसऱ्या पानावर लिहिलेलं होतं, रजिस्ट्रेशन आणि पोर्टफोलिओ चार्जेस पस्तीस हजार रुपये, सही करताना, नॉन-रिफंडेबल.

"पैसे कुठून आणणार रे?"

"गाडी विकतोय. गिऱ्हाईक बघून ठेवलंय."

मी मशीन थांबवलं. त्याला आत बोलावलं आणि चहा सांगितला.

आता त्याला एजंट का हवा होता ते आधी समजून घ्या, कारण त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. त्याने नेटफ्लिक्सचा नियम वाचला होता. कोणीही ईमेलवर पाठवलेली गोष्ट ते वाचत नाहीत. ज्यांच्याशी त्यांचे आधीपासून संबंध आहेत असा एजंट, निर्माता, मॅनेजर किंवा वकील यांच्यामार्फतच ती जावी लागते. बाकी मोठ्या कंपन्यांचंही थोडंफार असंच आहे. ते उगाच भाव खात नाहीत. उद्या त्यांच्या सिरीजमध्ये तुमच्या गोष्टीसारखं काही निघालं, तर तुम्ही कोर्टात जाल ही त्यांची भीती. मग त्याने हिशोब मांडला : दाराशी वॉचमन आहे, वॉचमनच्या ओळखीचा माणूस म्हणजे एजंट, आणि त्या माणसाची फी पस्तीस हजार. या हिशोबात चूक एकच आहे, आणि ती शेवटच्या आकड्यात आहे.

माझे काका मार्केट यार्डात, गुलटेकडीला, एका अडत्याकडे दिवाणजी होते. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. शेतकऱ्याचा टेम्पो यायचा, माल उतरायचा, गाळ्यावर विक्री व्हायची आणि संध्याकाळी काका पट्टी करायचे. एवढा माल, एवढा भाव, हमाली एवढी, तोलाई एवढी, अडत एवढी, उरले एवढे. अडत्याबद्दल शेतकरी काहीही बोलू देत, पण माल विकला जायच्या आधी अडत मागणारा अडत्या मी आजपर्यंत पाहिला नाही. टोमॅटो विकला तर अडत. नाही विकला तर दोघांचंही नुकसान.

स्क्रिप्टचा एजंटही हाच धंदा करतो. तुमची गोष्ट योग्य माणसाच्या टेबलावर ठेवतो, भाव करतो, करार वाचतो, हप्ते वसूल करतो आणि आलेल्या पैशातून आपला टक्का घेतो. अमेरिकेत लेखकाच्या एजंटचा टक्का दहा, ही जुनी रीत आहे. कॅलिफोर्नियात, म्हणजे जिथे हॉलिवूड आहे त्या राज्यात, टॅलेंट एजंटला कामगार आयुक्तांचा परवाना लागतो आणि कलाकाराकडून रजिस्ट्रेशन फी घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणजे आमच्या मुलाच्या कागदातलं तिसरं पान तिथे बेकायदा ठरलं असतं. आपल्याकडे लेखकाच्या एजंटसाठी असा वेगळा परवाना नाही. कुणीही बोर्ड लावू शकतो. म्हणून परवाना बघायचं काम इथे तुम्हालाच करायचं आहे. "लोन करून देतो, आधी फाइल चार्ज भरा" म्हणणारा तुम्ही बघितलाय ना? हा त्याचाच चुलतभाऊ समजा.

मॅनेजर आणि एजंट यांत फरक काय, असं बरेच जण विचारतात. तिकडे तो फरक कायद्यातच आहे. काम मिळवून देणं हे परवाना असलेल्या एजंटचं काम. मॅनेजर करिअरकडे बघतो, ड्राफ्ट वाचून सूचना देतो, कुणाला भेटायचं ते सांगतो. तो दहा ते पंधरा टक्के घेतो. त्याला परवाना लागत नाही, आणि तो स्वतः निर्माताही होऊ शकतो. आपल्याकडे हे सगळं बहुतेक वेळा एकाच माणसात असतं, त्यामुळे त्याच्या कार्डावर काय छापलंय याला फार अर्थ नाही. कागदावर काय आहे ते बघा.

आता महत्त्वाचा प्रश्न. अडत कोण देतं?

जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने निर्णय घेतला, की फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची. तेव्हा बाजार बंद पडले होते, तुम्हाला आठवत असेल. शेतकऱ्याला वाटलं, चला, पैसे वाचले. आमचे काका मात्र एक वाक्य बोलून गेले होते, "ज्याच्या खिशातून पैसे येतात, अडत्याचं तोंड त्याच्याकडे." निर्णय बरोबर की चूक यात मी पडत नाही. पण तीन वर्षांनी हॉलिवूडमध्ये याच वाक्यावरून मोठं भांडण झालं.

झालं असं. तिथल्या मोठ्या एजन्सी एक वेगळाच धंदा करत होत्या. आपल्याकडचा लेखक, आपल्याकडचा दिग्दर्शक आणि आपल्याकडचा नट एकत्र बांधायचे, ते पॅकेज स्टुडिओला विकायचं आणि फी सरळ स्टुडिओकडून घ्यायची. लेखकाकडून दहा टक्के नाही घ्यायचे. ऐकायला किती छान! लेखकाचे दहा टक्के वाचले. पण विचार करा. एजंट लेखकाकडून दहा टक्के घेतो तेव्हा लेखकाचा भाव वाढला तर एजंटचाही फायदा होतो. तो स्टुडिओकडून पॅकेजची फी घ्यायला लागला, की लेखकाला दोन मिळाले काय आणि पाच मिळाले काय, त्याला काय फरक पडतो? उलट स्टुडिओ नाराज झाला तर याचं नुकसान. त्यात काही एजन्सींनी स्वतःशी जोडलेल्या निर्मिती कंपन्याही काढल्या. म्हणजे अडत्याच गिऱ्हाईक झाला.

एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या लेखकांच्या संघटनेने, रायटर्स गिल्डने, सदस्यांना सांगितलं की नवी आचारसंहिता न मानणाऱ्या एजंटला सोडा. सात हजारांवर लेखकांनी आपल्या एजंटला लेखी कळवलं, आजपासून तुम्ही आमचे नाही. ज्यांनी पहिलं काम मिळवून दिलं, वर्षानुवर्षं ज्यांच्याशी घरोबा होता, त्यांना. एकेक एजन्सी वाकत गेली. चार बड्यांपैकी शेवटचीने फेब्रुवारी २०२१ मध्ये सही केली आणि जून २०२२ अखेर पॅकेजिंग फी बंद झाली. तेवढ्या काळात लेखक उपाशी राहिले का? नाही. वकील, मॅनेजर आणि आपसातल्या ओळखी यांवर त्यांनी काम चालू ठेवलं. एजंट उपयोगी असतो, पण त्याच्यावाचून धंदा अडतोच असं नाही, हे सगळ्यांना दिसलं.

मुंबईचा रस्ता अजून वेगळा आहे. आपल्याकडे लेखक वर्षानुवर्षं एजंटशिवायच चालत आले. १९७३ साली 'जंजीर' लागला तेव्हा पोस्टरवर लेखकांची नावं नव्हती. सलीम-जावेद यांनी स्वतः माणूस लावून मुंबईतल्या पोस्टरांवर आपली नावं रंगवून घेतली. यापेक्षा चांगलं मार्केटिंग मी तरी बीबीएच्या पुस्तकात वाचलं नाही. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स आणि प्राइम व्हिडिओ भारतात आले, करारांची पानं वाढली, वकिली भाषा वाढली, आणि लेखकांसाठी काम करणाऱ्या चांगल्या एजन्सींना कामही वाढलं. चांगल्या आहेत, हे मी मुद्दाम लिहितोय. सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मराठीत मात्र अजूनही काम जास्त करून ओळखीतूनच मिळतं. एकांकिका बघायला आलेला असिस्टंट डायरेक्टर, सिरियलच्या टीममधला सीनियर, नाटकातला नट.

आणि एजंटचा एक उपयोग आपल्या मराठी माणसाला फार आहे. आपण लेखकाच्या पैशाला 'मानधन' म्हणतो. मानावरच इतके खूश होतो की धनाचा विषय काढायची लाज वाटते. दिग्दर्शक घरी जेवायला बोलावतो, मग त्याला दुसरा हप्ता कसा मागायचा? एजंट मागतो. तो वाईट होतो, तुम्ही गोड राहता. उधारी वसूल करायला दुकानात पोऱ्या ठेवतात ना, तसंच. त्यासाठी टक्का दिला तर मी त्याला खर्च म्हणणार नाही.

पण कागद! इथे माझी स्वतःची गोष्ट सांगतो. दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. शाळांच्या डायऱ्या आणि ओळखपत्रांच्या ऑर्डर आणून देतो म्हणून एक मार्केटिंगवाला भेटला. बोलायला गोड. मी बीबीए झालेला माणूस, माझी मार्कशीट फ्रेम करून भिंतीवर लावलेली, आणि मी चार पानांचा करार न वाचता सही केला. त्यात होतं की तीन वर्षं पुणे जिल्ह्यातल्या शाळांची प्रत्येक ऑर्डर त्याच्यामार्फत आली असं धरायचं, वीस टक्के. माझी सख्खी मावशी ज्या शाळेत शिकवते, त्या शाळेची ऑर्डर मावशीने मला दिली, आणि त्याचेही वीस टक्के मी त्याला दिले. त्याने आणलेल्या ऑर्डर तीन वर्षांत दोन. मावशीला हे अजून माहीत नाही. ती व्हिडिओ बघते, हे वाचत नाही, असा माझा अंदाज आहे.

म्हणून त्या मुलाच्या नऊ पानांत मी आधी तेच शोधलं, आणि ते होतंच. "लेखकाचे सर्व विद्यमान आणि भावी काम." म्हणजे ज्या दिग्दर्शकाकडे त्याचं आधीपासून बोलणं चालू होतं, तिथलेही वीस टक्के. मी म्हटलं, यावर उपाय सोपा आहे. करारालाच एक यादी जोडायची, ही ही माणसं माझ्या आधीच्या ओळखीची, यांच्या कामावर कमिशन नाही. खरा एजंट याला सहसा हो म्हणतो. मुदत तीन वर्षं होती, त्याऐवजी एक वर्ष, आणि ठरावीक महिन्यांत एकही काम आलं नाही तर लेखी नोटीस देऊन मोकळं होता यावं.

त्याहून वाईट कलम पुढे होतं. करार संपल्यावरही लेखकाच्या सगळ्या उत्पन्नावर दोन वर्षं कमिशन. आता एजंटने आणलेल्या सिरीजचा दुसरा सीझन करार संपल्यावर आला, तर त्याचा टक्का रास्त आहे, मेहनत त्याची आहे. पण तुम्ही नंतर स्वतः मिळवलेल्या कामावर कसला टक्का? आणि सातव्या पानावर, "लेखकाच्या वतीने सही करण्याचा अधिकार." हे वाचून मुलगा गप्प झाला. गोष्ट तुझी, सही त्याची. कुणाला विकली, कितीला विकली, तुला पट्टी आली तर कळणार. आणि पट्टी किती दिवसांत द्यायची, हे नऊ पानांत कुठेच नव्हतं.

टक्का कशावर, हेही बघा. समजा चार लाखांचा करार झाला, एक-एक लाखाचे चार हप्ते. दोन हप्ते मिळाले आणि सिनेमा डब्यात गेला. ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. कमिशन पंधरा टक्के असेल तर ते हातात आलेल्या दोन लाखांवर, म्हणजे तीस हजार. करारात "ठरलेल्या रकमेवर" असं लिहिलं असेल तर तेच साठ हजार होतात, तुम्हाला दोनच लाख मिळालेले असताना. तीस हजार धरले आणि एजन्सी जीएसटीवाली असली, तर त्यावर अठरा टक्के म्हणजे पाच हजार चारशे. निर्माता दहा टक्के टीडीएस कापणार, वीस हजार. हातात उरले एक लाख चव्वेचाळीस हजार सहाशे. टीडीएस रिटर्न भरताना हिशोबात धरता येतो, पण त्यासाठी रिटर्न भरावा लागतो! लेखक मंडळी इथेच झोपलेली असतात. दीड वर्षाच्या रात्रींचे हे पैसे आहेत, पै-पै लिहून ठेवा.

मग त्याने मला खरा प्रश्न विचारला. "दादा, हा नको तर मग चांगला एजंट मिळवायचा कसा?"

माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या कामाला एजंट शोधू नका, वकील शोधा. एकदाच फी द्यायची, करार वाचून घ्यायचा, विषय संपला. एजंटला विकायला माल लागतो, आणि एका स्क्रिप्टवर गाळा चालत नाही. दुसरी पूर्ण लिहा, शक्यतो पहिलीच्याच जातीची. पहिली थरारक आणि दुसरी कौटुंबिक विनोदी असली तर एजंटला कळत नाही की तुम्हाला कुठल्या फळीवर ठेवायचं. प्रत्येकीचा एक पानाचा सारांश असा लिहा की वाचणाऱ्याला शेवटही कळला पाहिजे. शेवट लपवून उत्सुकता वाढवायची हौस नको, समोरचा गिऱ्हाईक आहे, प्रेक्षक नाही. मग तुम्हाला आवडलेल्या सिरीजच्या लेखकांचं काम कोण बघतं ते शोधा, छोटं पत्र पाठवा, आणि उत्तर आलं तर सही करण्याआधी त्या एजन्सीच्या दोन लेखकांना फोन करा. एकच विचारा, पैसे वेळेवर येतात का?

मुंबईत अंधेरीला स्क्रीनरायटर्स असोसिएशन आहे. आधी नाव फिल्म रायटर्स असोसिएशन होतं. तिथे सभासद व्हा. स्क्रिप्ट ऑनलाइन रजिस्टर होते, नमुना करार बघायला मिळतो, आणि वाद झाला तर ऐकून घेणारी समिती आहे. दिल्लीच्या कॉपीराइट ऑफिसमध्ये लिखाणाची नोंदणी पाचशे रुपयांत होते. नोंदणी नसली तरी हक्क असतोच, पण पुरावा हातात असलेला बरा. मात्र हक्क लिहिलेल्या गोष्टीवर असतो, नुसत्या कल्पनेवर नाही. १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. नाटक त्यांचं, सिनेमा दुसऱ्याचा, विषय सारखा, आणि केस हरले. तेव्हा चहाच्या टपरीवर गोष्ट सांगत फिरू नका, आधी लिहा. दरवर्षी नोव्हेंबरच्या सुमारास गोव्यात इफ्फीबरोबर फिल्म बाजार भरतो, एनएफडीसीची पटकथा लेखकांसाठी लॅब आहे. असल्या ठिकाणी निवड झाली तर तुम्हाला एजंट शोधावा लागत नाही, तो तुम्हाला शोधतो.

आणि निर्मात्याच्या करारात दोन गोष्टी वकिलाला मुद्दाम विचारा. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क किती वर्षांसाठी दिले हे लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, आणि घेणाऱ्याने एक वर्ष ते वापरलेच नाहीत तर ते परत येतात, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. बहुतेक करारांत वेगळं लिहिलेलं असतंच. दुसरं, २०१२ च्या दुरुस्तीनंतर थिएटरबाहेरच्या वापरावरचा रॉयल्टीचा हक्क लेखकाला निर्मात्याच्या नावे लिहून देता येत नाही. तरी करारात "सोडला" असं लिहिलेलं दिसतं. एजंट असो वा नसो, ही ओळ दाखवून विचारा.

त्या मुलाने कंपनीला ईमेल केला. मुद्दे चारच : आधी पैसे देणार नाही, ओळखीच्या लोकांची यादी जोडा, सही माझीच राहील, कमिशन मिळालेल्या पैशावर. दुसऱ्या दिवशी फोन आला, "तुम्ही नवीन आहात, तुम्हाला इंडस्ट्री कळत नाही." तिसऱ्या दिवशी फी पस्तीसवरून पंधरावर आली. चौथ्या दिवसापासून फोन बंद. आठवडाभर पोरगं दुकानाकडे फिरकलं नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडला. मलाही रात्री वाटून गेलं, आपण याची संधी तर घालवली नाही ना?

मागच्या शनिवारी आला, गाडीवरूनच. दुसऱ्या स्क्रिप्टची पहिली बेचाळीस पानं प्रिंट करायला. त्याची एकांकिका बघितलेल्या एका माणसाने त्याला सिरियलच्या संवादांसाठी ट्रायलवर बोलावलंय, एका एपिसोडचे पैसे ठरलेत, करार चौदा पानांचा आहे. रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं वकिलाकडे जाणार आहोत. वकिलाची फी अर्धी मी देणार म्हटलं तर नको म्हणाला. झेरॉक्सचे मात्र त्याने द्यायचे, मी सोडत नाही.